आवाज येऊन राहिला काय

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

लोक मन मोकळं करायला डायरी लिहितात. मी लिहायला घेतली ती माइकची सेटिंग लक्षात राहत नाहीत म्हणून. काल काय बदललं ते आज आठवत नाही, आणि जे चांगलं चालू होतं तेच मी बिघडवून बसते. तर आता लिहून ठेवायचं.

दिवसभर घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालतं. दाखले, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, धानविक्रीची नोंदणी. सहाला शटर अर्धं ओढलं की तोच कम्प्युटर माझा होतो. मग आम्ही पाच जण आपापल्या घरून एकत्र खेळतो. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने बॉम्ब लावायचा, दुसऱ्या बाजूने तो लावू द्यायचा नाही. मोनू आमच्या मागच्या गल्लीतला, पहिलीपासून माझ्या वर्गात. जागेश्वर दिघोरीचा, इश्वर भंडाऱ्याचा, अंकुश साकोलीचा. या तिघांना मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्यांचा आवाज बाजाराच्या गर्दीतही ओळखीन. जागेश्वरला खोटं बोलायचं असलं की तो आधी नाक ओढतो.

कोणी कुठं जायचं, कधी थांबायचं, हे मी सांगते. मोनूच्या घरची शेती तलावाखाली आहे. तिथं कोणाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं ते पाणकर ठरवतो, आणि तो म्हणेपर्यंत कोणी आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडत नाही. म्हणून मोनूने माझंही नाव पाणकर ठेवलं. खेळाच्या नकाशातल्या जागांना नावंही आमच्याकडचीच दिली आहेत, तीसुद्धा मीच. उंच भिंत म्हणजे पाळ, तिच्याखालचं भुयार म्हणजे तुडुम, मोकळं मैदान म्हणजे बांधी. पुण्यामुंबईच्या टीमला कानावर पडलं तरी ओ की ठो कळत नाही.

आज पुन्हा माझाच आवाज कोणाला जात नव्हता. मोनू म्हणाला, "तुह्या मागं ट्रॅक्टर चालू आहे काय?" ट्रॅक्टर नाही, शेजारची धानगिरणी. धान नुकतं घरात आलं आहे, त्यामुळे गिरणी दम खात नाही. अॅपमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळायचं एक बटण आहे, ते मी पूर्ण वाढवलं. त्याने गिरणी गाळली आणि सोबत मलाही गाळलं.

दादा दारात उभा राहून मुरमुरे खात बघत होता. विनोददादा भंडाऱ्याला एका कार्यालयात नोकरीला आहे आणि माझ्या खेळाला 'टाइमपास' म्हणतो. आज विचारलं, "म्हणजे तू इथं बोलते अन् तिकडं काहीच नाही जात?"

"नाही."

"अन् तुले समजत बी नाही?"

"मले कसं समजन? माहा आवाज तर मले येतेच ना."

त्याला पहिल्यांदाच या गोष्टीत रस वाटला. मला बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं. गिरणीचा दोष अर्धाच होता. गिऱ्हाइकाचे फोटो काढायला जो वेबकॅम लावला आहे, त्यालाही बारीकसा माइक असतो. कम्प्युटर हेडफोनचा माइक सोडून त्याच्याकडून आवाज घेत होता, आणि वेबकॅमचं तोंड गिरणीकडे. म्हणजे इतके दिवस मी नाही, गिरणीच सगळ्यांना हुकूम सोडत होती.

नोंद: इनपुट म्हणून हेडफोनचा माइक निवडायचा. गाळणी मध्यम. खेळताना वेबकॅम काढून ठेवायचा.

आज आवाज इतका साफ गेला की इश्वर म्हणाला, "जरा दूर बस, कानात शिरून राहिली." सलग तीन मॅच जिंकलो.

२६ नोव्हेंबर, रविवार

जिंकलो! नागपूरच्या स्पर्धेसाठी निवड झाली. पाच ते सात जानेवारी, मोठ्या हॉलमध्ये, समोरासमोर बसून. शेवटच्या फेरीत आम्ही मागे होतो. मी सांगितलं, "कोणी हलू नका. बांधी मोकळी सोडा, त्याईले येऊ द्या." चौघे दगडासारखे थांबले. समोरचे आले आणि सापडले. मॅच संपल्यावर जागेश्वर दोन मिनिटं नुसता हसत होता. माझ्या शब्दावर चार माणसं थांबतात, हे मला दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी मिळालेलं नाही. दुकानात तर लोक मला 'ए बाई, लवकर कर' म्हणतात.

जेवताना घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "व्वा." मग विचारलं, "सोबत कोण कोण?"

"आम्ही पाच जण. मी अन् हे चौघं."

"हं. राह्याचं कुठं?"

"तिथं होस्टेल देऊन राहिले. पोरीईचं वेगळं."

"पाहू ना. अजून लय वेळ आहे."

बाबांनी आयुष्यात मला कधी नाही म्हटलं नाही, आणि ते हे जिल्ह्याला सांगत असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. सायकल मागितली तेव्हा नाही म्हटलं नाही, सायन्सला जाते म्हटलं तेव्हाही नाही. तर 'पाहू' म्हणजे होच. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी दादाकडे, दादाने ताटाकडे. आमच्या घरी आनंद उघड दाखवायची रीत नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा तेच. सरावाला बसलो आणि दहा मिनिटांत मोनू म्हणाला, "रुचिता, तुहा आवाज कटून राहिला."

मी वेबकॅम तपासला, काढलेलाच होता. इनपुट बरोबर. गाळणी मध्यम.

"आता?"

"अर्धाच येऊन राहिला."

"बाकीच्यांना?"

 मग जागेश्वरने नाक ओढलं आणि म्हणाला, "हो, कटून राहिला." इश्वर म्हणाला, कटून राहिला. अंकुश म्हणाला, मला तर काहीच येत नाही. चौघांना एकाच वेळी, तर नेटचाच दोष असणार. उद्या राउटर पाहते.

३ डिसेंबर, रविवार

राउटर बैठकीतून उचलून कम्प्युटरच्या डोक्यावर ठेवला. मग वायरलेस सोडून थेट वायर जोडली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. अॅप काढून पुन्हा टाकलं. विंडोजने माइकची परवानगी बंद केली होती का तेही पाहिलं, नव्हती.

दादा सुट्टी असून कुठं गेला नाही. टेबलाखाली बॅटरी धरून बसला, वायरा धरल्या, धूळ पुसली. दर थोड्या वेळाने विचारायचा, "झालं काय नीट?" मी नाही म्हटलं की म्हणायचा, "होते होते. घाई नको करू." इतका शांत तो कोणाच्याच बाबतीत नसतो. मी एकदा चिडून कीबोर्ड आपटला तर म्हणाला, "सोड ना मग. नाही जमत तर नाही जमत. मशीन आहे." मी म्हटलं, मशीन आहे म्हणूनच जमेल, माणूस असता तर सोडलं असतं.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तुहा आवाज मले इथं फोडणीत ऐकू येते. त्याईले कसा नाही येत?"

आईला काय सांगायचं? तिला वाटतं, मी मोठ्याने बोलले की आवाज तारेतून साकोलीला जातो.

६ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी विहारात कार्यक्रम. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या. बाबा बोलले. दरवर्षी बोलतात आणि चांगलं बोलतात. म्हणाले, "पोरीले शिकवलं एवढ्यानं भागत नाही. तिनं पाय उचलला की रस्त्यातून बाजूले होणं, हे बापाचं काम आहे. मी माह्या पोरीले आजवर कशाले नाही म्हटलं नाही, विचारा तिलेच." महिला मंडळाच्या कुंताबाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला काहीतरी सांगितलं. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. रडूही आलं थोडं, ते लपवलं.

१० डिसेंबर, रविवार

दादाने भंडाऱ्याहून नवीन हेडफोन आणला. न मागता. जाड गादीचा, माइक तोंडापर्यंत वळणारा. मी बघतच राहिले. ज्या माणसाने राखीला मला ताटातली करंजी दिली नाही!

लावून पाहिला. मोनू म्हणाला, "अजून बेकार झाला."

आता मला माझ्या आवाजाचीच शंका येऊ लागली आहे. हळू बोलून पाहिलं, एकेक शब्द तोडून, आमची बोली सोडून पुस्तकी मराठीत, मग हिंदीत. मोनू म्हणतो, "तू फक्त खेळ. बोलणं आम्ही पाहून घेतो तोवर." मी म्हटलं, "अन् नागपूर?" म्हणाला, "पाहू ना."

दादाला सांगितलं, हेडफोननेही फरक पडला नाही. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्याने आजी गेली तेव्हा केलं होतं.

१७ डिसेंबर, रविवार

घराची साफसफाई काढली आहे. पडदे धुतले, बैठकीला रंग दिला, कपबशा नवीन आणल्या. सहा जानेवारीला तुमसरचे पाहुणे येणार, बाबांच्या ओळखीचे. दादासाठी स्थळ असणार. मी दादाला चिडवलं, "आता तुह्या आवाजावर बी कोणीतरी गाळणी लावन." तो हसला नाही. बिचारा घाबरला असेल. मी नागपूरला असेन, माझी वहिनी मला सोडून बाकी सगळे पाहतील, याचं जरा वाईट वाटलं.

सरावाचं सांगायचं तर एक गोष्ट चांगली झाली आहे. अॅपवरच्या रूममध्ये आता कोणीच फारसं बोलत नाही. चौघांची नावं दिसतात, आवाज नाही. मी बोलते, ते त्यांना जात नाही. तरी खेळ सुधारला आहे. तुडुमाकडे कोणीतरी पाहा, असं मी म्हणते न म्हणते तोच अंकुश तिकडे वळलेला असतो. काल इश्वर आणि मोनू दोन बाजूंनी एकाच क्षणी पाळीवर चढले, एक शब्द न बोलता. इतकं आमचं एकमेकांशी जमलं आहे की बोलायची गरजच उरलेली नाही. मोनूला हे लिहून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

फक्त मला मध्येमध्ये एकटं वाटतं. ते लिहून पाठवण्यासारखं नाही.

२४ डिसेंबर, रविवार

खुशबू, माझी मावसबहीण, तिरोड्याला असते. तिच्या कम्प्युटरवर अॅप टाकायला लावलं आणि तासभर तिच्याशी बोलले. जुना हेडफोन, नवा हेडफोन, वायर, वायरलेस, गिरणी चालू, गिरणी बंद. ती म्हणाली, "एकदम साफ. तू गिळून राहिली ते बी ऐकू येते." मग स्वतःचा आवाज टेप करून ऐकला. साफ. थोडा बाबांसारखा.

म्हणजे माझ्या बाजूला काही नाहीच. दोष त्यांच्या बाजूला आहे. चौघांच्या एकदम कसा असेल? तर रूम मोनूने बनवलेली आहे, तिची मालकी त्याच्या कम्प्युटरवर. त्याच्या तिथंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असणार आणि त्याला ते समजलंही नसेल. मोनू हुशार आहे, पण सेटिंगचं त्याला काही कळत नाही, पासवर्डसुद्धा मीच ठेवून देते. त्याला फोनवर समजावण्यापेक्षा जाऊन स्वतः करून देईन. बुधवारी आमच्या गल्लीत लाइट जाणार आहे, मोनूची गल्ली दुसऱ्या लाइनवर आहे. माझा सराव बुडणारच, तेव्हा जाते.

डोक्यावरचं ओझं उतरलं. आज भात जास्त खाल्ला.

२७ डिसेंबर, बुधवार

झालं तसं लिहिते, म्हणजे नंतर कोणी मला म्हणायला नको की तुला चुकीचं ऐकू आलं.

पाच वाजता मोनूच्या घरी गेले. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली लागली होती, मोनू आणि त्याचे बाबा, मधुकरकाका, धानाची पोती उतरवत होते. त्याची आई, आनंदाकाकू, म्हणाल्या, "बस आत, त्याले वेळ लागन. आताच खेळता खेळता उठवला त्याले." मोनूने मला पाहिलं नाही, त्याच्या खांद्यावर पोतं होतं.

मी त्याच्या खोलीत गेले. कम्प्युटर चालू, गेम चालू. टेबलावर त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. आमची रूम त्या मोबाइलवर उघडी होती, आवाज बंद करून. त्यात चौघांची नावं, रोज दिसतात तशीच. आणि कम्प्युटरवर दुसरंच अॅप. हेडफोन खुर्चीवर होता, त्यातून बारीक आवाज येत होता. मला वाटलं, हाच बिघाड, दोन अॅप एकावर एक चढली आहेत. खरंच वाटलं. खाली बसून मी हेडफोन कानाला लावला.

सगळे होते. जागेश्वर, इश्वर, अंकुश. आणि एक मला माहीत नसलेला आवाज, नागपुरी हिंदी मिसळलेला. तो सांगत होता, "पाळीवर दोन जण चढा. तुडुम मी पाहतो. बांधीत कोणी उतरू नका, रुको, रुको." आणि हे रुकत होते.

माझे शब्द. एकही बदललेला नाही.

अंकुशने विचारलं, "आज पाणकर नाही आली काय?" इश्वर म्हणाला, "तिच्याकडं लाइट नाही. बसली असन माइक उकलून." मग हसले. जागेश्वरही हसला. ज्याला मी फक्त आवाजावरून ओळखते आणि ज्याचा आवाज मला सगळ्यात आवडतो, तो.

माइक माझ्या तोंडासमोर होता. मी म्हटलं, "माहा आवाज येऊन राहिला काय?"

नवीन मुलगा पटकन म्हणाला, "साफ आ रहा है. कोण आहे?"

 मी पुन्हा विचारलं, "जागेश्वर, येऊन राहिला काय? की कटून राहिला?"

त्याने नाक ओढलं, पण या वेळी खोटं सुचलं नसावं. म्हणाला, "ताई, आम्ही नाही म्हणत होतो. विनोदभाऊनं मोनूले सांगतलं. आम्हाले वाटलं तुम्हच्या घरचं आहे, आपण कायले मंधात पडा."

हेडफोन होता तसा खुर्चीवर ठेवला. अंगणातून जाताना काकू म्हणाल्या, चहा ठेवला आहे. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मोनू ट्रॉलीवर उभा होता. त्याने मला पाहिलं आणि पोतं तसंच धरून राहिला.

महिनाभर मी टेबलाखाली शिरत होते. दादा बॅटरी धरून बसला होता. बॅटरी धरून!

२८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी मोनू दुकानात आला. शिष्यवृत्तीवाल्या पोरांच्या रांगेत उभा राहिला, जसा त्यालाही फॉर्म भरायचा आहे. नंबर आल्यावर हळूच म्हणाला, "दादा म्हणाला तर मी काय करू? म्हणाला, घरून पाठवणार नाहीत, पण तिले तसं सांगायचं नाही. तूच काहीतरी कारण काढ. माइक तर तुहा बिघडतच होता."

"अन् तो पोरगा?"

"भैय्यालाल. इश्वरचा मामेभाऊ. पाचवा तर लागनच ना."

"त्याले माहे शब्द कोण शिकवले?"

"ते तर आपले सगळ्याईचे होत."

मी म्हटलं, "मोनू, तू मले सांगून टाकलं असतं तर मी घरी भांडली असती. हरली असती, पण भांडली असती. तू मले भांडूच दिलं नाही." तो म्हणाला, तुला वाईट वाटू नये म्हणून. पहिलीपासूनचा मित्र. परीक्षेत मी त्याला पेन दिले, त्याच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढलं. पुढच्या पोराला मी म्हटलं, तुझा फॉर्म दे.

संध्याकाळी दादा आला तेव्हा मी नवीन हेडफोन त्याच्या हातात ठेवला. त्याला सगळं कळलं. तो खाटेवर बसला.

"तुमसरचे पाहुणे तुलेच पाह्याले येऊन राहिले," म्हणाला. "सहा तारखेले. त्याईले दुसरी तारीख जमत नव्हती. अन् चार पोराईसोबत नागपूरले जाऊन आली, असं त्याईच्या कानावर गेलं तर..."

"मग मले नाही म्हणायचं."

"बाबाच्यानं नाही म्हणवत तुले. मले म्हणाले, तू पाह्य काहीतरी. ते तुले नाही म्हणतीन अन् उद्या गावात होईन, यादोराव मास्तर विहारात एक बोलते अन् घरात दुसरं करते."

"अन् हा हेडफोन?"

त्याने माइकची दांडी वर केली, खाली केली. "तू रोज तितकी मेहनत करून राहिली होती. पाहवत नव्हतं."

रागाचं मला समजतं. पण हे दादाचं प्रेम आहे, आणि ते खरं आहे, याचं मी काय करायचं ते मला समजत नाही. तो मला फसवत होता आणि त्याच वेळी त्याला माझी कीव येत होती. मला वाटलं त्याला ढकलून द्यावं. मी हेडफोन घेऊन आत आले.

४ जानेवारी २०२४, गुरुवार

आठवडाभर मी वाट पाहिली की बाबा स्वतः काही म्हणतील. दादाने त्यांना सांगितलेलं आहे, त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. ते रोज पेपर वाचतात, रोज मला विचारतात, आज गर्दी होती काय. आई दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि उठून आली. मोनू आज सकाळच्या एसटीने नागपूरला गेला, बाकीचे आपापल्या गावाहून. शटर उघडताना मला स्टँडकडे जाताना दिसला, पाठीवर बॅग. त्याने मान खाली घातली.

नऊ वाजता बाबा अंगणात उन्हात बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, मी नागपूरले जाऊ?"

त्यांनी पेपर खाली घेतला. "जा ना बेटा. मी कुठं नाही म्हटलं?"

"टीम सकाळीच गेली."

"हो काय?" त्यांनी इतक्या खरेपणाने विचारलं की क्षणभर मलाच वाटलं, यांना माहीत नसेल. "मग आता कसं?"

"बाबा, मले एकदा तोंडावर नाही म्हणा. मी भांडीन, रडीन, दोन दिवस जेवणार नाही. पण तुम्ही मले नाही म्हटलं, एवढं तरी मले समजन. महिनाभर मी माइक सुधारत बसली."

"तू उगाच डोक्यात घेऊन राहिली. मी तुले नाही कायले म्हणू?"

आई दारात आली होती. म्हणाली, "म्हणून टाका ना तिले." बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली.

तेवढ्यात फाटकाशी कुंताबाई आल्या. दर महिन्याला विहाराची वर्गणी घ्यायला येतात. जयभीम झालं. मला पाहून म्हणाल्या, "काहून बाई, तू नागपूरले जाणार होती ना? मास्तरांनी तर सगळ्याईले सांगतलं."

मी काही बोलायच्या आत बाबाच बोलले. "तिचा माइक खराब झाला ना ऐन वेळेवर. मी तर जा म्हटलं होतं."

एका दमात, जराही न अडखळता. दादाने रचलेलं, मोनूने चालवलेलं ते बाबांनी असं उचललं जसं ते पहिल्यापासून त्यांचंच होतं. आणि होतंच. कुंताबाईंनी हळहळून माझ्याकडे पाहिलं. "हो काय बाई?"

दादा आंघोळ करून बाहेर आला होता, टॉवेल खांद्यावर. तो माझ्याकडे पाहत हळूच मान हलवत होता, नको म्हणून. मला हो म्हणता आलं असतं. सगळ्यांनी माझ्यासाठी ती जागा करून ठेवली होती, उभं राहायला तेवढी पुरेशी होती. सहा तारखेला पाहुणे येणार होते, कपबशा नवीन होत्या.

"माइक चांगला आहे, काकू," मी म्हटलं. "मले घरून जाऊ दिलं नाही. अन् तसं सांगतलं बी नाही."

कुंताबाईंनी पदर सारखा केला. वर्गणीचं उद्या पाहू, म्हणाल्या, आणि फाटक लावून गेल्या. आता त्या विहारात सांगतील की नाही, मला माहीत नाही.

बाबा माझ्याकडे पाहत होते. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, "लोकाईसमोर, रुचिता?" इतकंच.  मग पेपर खुर्चीवर ठेवून आत गेले आणि खोलीचं दार लोटून घेतलं, कडी न लावता.

दगा माझ्याशी झाला होता आणि रडत ते होते. मला त्यांची दया आली. आत जावं, पाणी द्यावं, पायाशी बसावं असं वाटलं. दया आली याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी दुकानात जाऊन बसले. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. मी त्याला नाव विचारलं.